पडद्याआडची चूल

८ सप्टेंबर

ती. मावशीस,

सुखरूप पोचलो. तू दिलेल्या औषधांच्या बाटल्यांपैकी एकच फुटली, नेमकी एरंडेलाची. माझी एकुलती एक चांगली शाल आता तेलाने चकाकते आहे आणि तुझी नात एरंडेलातून सुटली आहे. दोघींपैकी खूश कोण ते तू ओळख.

घर म्हणजे नव्या फळ्यांच्या दोन खोल्या. फळ्या अजून ओल्या आहेत, हात लावला की चीक लागतो. पुढच्या खोलीत कचेरी: एक टेबल, एक खुर्ची, लोकांसाठी बाक आणि भिंतभर नकाशा. मागच्या खोलीत आम्ही तिघं आणि चूल. मध्ये दार बसवायचं राहून गेलं, म्हणून खाकी कापडाचा पडदा लावला आहे. पडद्याच्या पुढे सरकार, मागे मी. सरकार खोकलं की मला कळतं, आणि माझं दूध उतू गेलं की सरकारला.

यांचं काम तुला नीट सांगते, कारण तू मागच्या वेळी शेजाऱ्यांना 'जावई झाडं मोजतो' असं सांगितलंस आणि यांना ते लागलं. आजवर हे जंगल कोणाच्याच मालकीचं नव्हतं. आता नव्या कायद्याने ते सार्वजनिक झालं, आणि इथे नेमलेले हे पहिलेच वनाधिकारी. आल्याआल्या यांनी वाटेच्या तोंडाशी पाटी लावली: 'ही जमीन सर्व जनतेची आहे. आत येण्यास मनाई आहे.' मी हसले. हे म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" आणि खरंच, मावशी, ते त्यांना कळलं नव्हतं.

हद्द शहरात बसून पट्टीने आखलेली आहे. जंगलाच्या कडेला एक वस्ती आहे, तिचा झरा आणि निम्मी घरं रेघेच्या आत आली. त्या घरांना राहायची मुभा आहे, पण घरातल्या कोणाचा जंगलाबाबत एक जरी गुन्हा ठरला तरी घर पाडायचं आणि माणसांना खालच्या उघड्या माळावर हलवायचं. खाली पडलेली वाळकी काटकी उचलणं हासुद्धा गुन्हाच.

अधिकाऱ्याच्या घराला कोळसा सरकारने पुरवायचा असं ठरलंय. तो आलेला नाही. मी विचारलं, "मग मी स्वयंपाक कशावर करू?" हे नकाशावरून मान न उचलता म्हणाले, "घरातलं तू बघ."

तुझी,
चिमी


२० सप्टेंबर

चिमे,

पाटीचा मजकूर मी जिन्यात भेटेल त्याला वाचून दाखवला. जनतेला जनतेच्या जमिनीत यायला मनाई! तुझ्या वनराजांना सांग, मीही माझ्या दारावर तशीच पाटी लावते: हे घर मावशीचं आहे, मावशीने बाहेर उभं राहावं. जन्मभर इस्पितळात मेट्रन होते, नियम करणारी माणसं जवळून पाहिली आहेत. आजाऱ्याच्या खाटेखाली काय ठेवलेलं असतं ते ज्यांना माहीत नाही, ते वॉर्डाचे नियम करतात.

आता मुद्द्याचं. पोरीला झऱ्याचं पाणी देतेस असं तू लिहिलं नाहीस, पण न लिहिलेलंही मला वाचता येतं. झऱ्याचं पाणी कवितेत चांगलं. तिच्या पोटात जाणारा थेंब न् थेंब खळखळ उकळलेला हवा, आंघोळीचं पाणी चांगलं कढत आणून मग निववलेलं हवं. एवढ्याशा जिवाचं पोट बिघडलं की काय होतं ते मी पाहिलंय, तुला सांगणार नाही. जळण नाही ही सबब चालणार नाही. जंगलात बसून लाकूड नाही म्हणतेस, लाज नाही वाटत?

शालीला मैदा चोळ. तेल ओढून घेतो.

तुझी मावशी


१४ ऑक्टोबर

ती. मावशीस,

तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळं उकळतं आहे. पोर गुटगुटीत झालीये. आणि तू विचारणारच, म्हणून सांगते, जळण मिळालं.

वस्तीतली एक बाई दिवस उगवायच्या आत मागच्या दाराशी भारा आणून टाकते. मी तिला भारेवालीच म्हणते, ती मला बाई म्हणते, आणि यांना म्हणते दगडसाहेब, कारण हे दिवसभर हद्दीचे दगड पुरत हिंडतात. तोंडाने तुझी सख्खी बहीण शोभेल. काल म्हणाली, "बाई, दगडसाहेबांनी माझ्या गोठ्यातनंच रेघ नेली. गाईचं तोंड सरकारात आणि शेपूट माझ्याकडे. आता शेण कोणाचं ते जरा विचारून घ्या, नाहीतर मी फुकट गुन्ह्यात जायची."

मी हसत सुटले तर म्हणाली, "हळू. पडद्याला कान आहेत, आणि तेही सरकारी."

तिच्या नवऱ्याकडचं माणूस कोणी उरलं नाही. घरात ती आणि तिची आंधळी आई. म्हातारी रोज एकटी झऱ्यावर जाते, झाडांना हात लावत लावत. प्रत्येक झाडाला तिने नाव ठेवलंय. हा जाड्या, ही खरबरी, हा वाकड्या, आणि एक आतून पोकळ आहे त्याला ती 'आमचे हे' म्हणते. मी एकदा तिच्या मागोमाग गेले. ती थांबली आणि म्हणाली, "कोण गं ती, एवढी जपून चालतेय? साहेबांची बाई असणार. आमच्यातल्या बाया धपाधप चालतात."

तू काळजी करू नकोस, कोणी पकडत नाही. इथे एक पहारेकरी आहे, त्याला सगळे शिट्टी म्हणतात. तो भारेवाली दिसली की पाठ फिरवून आभाळ बघतो. त्याच्याही धुराड्यातून धूर निघतो ना. यांनी तर आजवर चुलीकडे पाहिलेलं नाही. ऊन पाण्याने दाढी करतात, गरम जेवतात आणि पडद्यापलीकडे जाऊन लिहितात की हद्दीतून एक काडीही बाहेर गेली नाही. बाकीच्या भागांतून मुख्य कचेरीकडे गुन्ह्यांची चळत जाते, आमच्याकडून कोरा कागद. यांना त्याचा अभिमान आहे. "लोक ऐकतात माझं," म्हणाले. मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणू?

एकच टोचतं. त्या बाईचं घर रेघेच्या आत आहे.

तुझी,
चिमी


२ नोव्हेंबर

चिमे,

तुला टोचतं आणि तू बसून राहतेस. माझ्याच्याने ते होत नाही. मी काल मुख्य कचेरीत जाऊन आले.

तुमचे मोठे साहेब माझ्या ओळखीचे निघाले. त्यांच्या मुतखड्याच्या वेळी मीच उशाशी होते, तेव्हा 'आई गं, सिस्टर, हात सोडू नका' असं चाललं होतं. आता मला दालनाबाहेर बाकावर बसवलं. बाक इतका उंच की माझे पाय लोंबत होते. मुद्दाम करतात, माणूस आत जाईपर्यंत शाळकरी पोर झालेला असतो. मी मात्र झाले नाही.

मी म्हटलं, "साहेब, त्या वस्तीतल्या बाया पिढ्यान्पिढ्या आत जातात. पाणी आणतात, वाळकं लाकूड आणतात. तुमची पट्टी काल आली."

ते म्हणाले, "अजूनही जातात?"

"रोज."

"आणि आमचा तिथला माणूस?"

"अडवत नाही. कशाला अडवेल? त्याच्यात माणुसकी शिल्लक आहे."

त्यांनी पेन्सिलीने कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग उठून स्वतः दार उघडलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, सिस्टर. इथे बसून आम्हाला हे कळत नाही. मी लक्ष घालतो."

बघितलंस? तोंड उघडावं लागतं. तुझ्या भारेवालीबद्दल मी एक अक्षरही सांगितलेलं नाही, तेवढी अक्कल मला आहे. फक्त तुझ्या नवऱ्याचं कौतुक केलं. पहिल्यांदाच केलं, ते त्याला कळव.

तुझी मावशी


१६ नोव्हेंबर

ती. मावशीस,

तुझं पत्र मी चुलीत घातलं. यांना दाखवलं नाही.

मुख्य कचेरीचा कागद आलाय. 'आपल्या भागात स्त्रिया रोज हद्दीत शिरतात व त्यांना कोणी अडवत नाही, असे खात्रीलायक समजते.' तपासणीचे साहेब येणार आहेत. मुक्काम आमच्याच घरी.

जेवताना हे एकदाच म्हणाले, "कोण जाऊन सांगतं हे? माझं कोणाशी वाकडं आहे?" मी पोरीला थोपटत राहिले. नंतर त्यांनी शिट्टीला कचेरीत बोलावलं आणि दोघं इतक्या हळू बोलले की पडद्याच्या इकडे काही ऐकू आलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

मावशी, तू नक्की काय बोललीस? माणुसकी म्हणालीस, त्यांनी काय ऐकलं?

चिमी


२४ नोव्हेंबर

चिमे,

माझं पत्र जाळलंस! बरं, जाळलंस तर जाळलंस, ऊब तरी मिळाली असेल.

घाबरतेस काय? तपासणीला माणूस येतो तो बघायलाच येतो ना? बघू दे. झरा बघू दे, गोठ्यातली रेघ बघू दे, आंधळ्या म्हातारीला बघू दे. कागदावरून जे कळत नाही ते डोळ्यांना कळेल. मी हेच मागितलं होतं.

तुझं काम एवढंच की तो खूश राहिला पाहिजे. कढत पाण्याने न्हालेला आणि पोटभर जेवलेला अधिकारी बरा न्याय देतो, हे मी डॉक्टरांवर वर्षानुवर्षं तपासून पाहिलंय. मोठं पातेलं तापव. जेवण सुकं आणि गार देऊ नकोस. जळणाचा चांगला मोठा भारा आधीच आणवून ठेव, ऐन वेळी धूर धूर करू नकोस.

आणि तू पडद्याआड बसून राहू नकोस. पुढे ये, बोल. शिक्षण कशासाठी दिलं तुला?

तुझी मावशी


९ डिसेंबर

ती. मावशीस,

जमेल तसं लिहिते.

मी भारेवालीला सांगितलं होतं, "उद्या जरा मोठा आण. पाहुणे येणार आहेत, आंघोळीला पाणी लागेल." ती म्हणाली, "दगडसाहेबांचे दगडमामा का? आणते. त्यांना चांगलं उकडून काढा." यांनी शिट्टीला सांगितलं होतं, जी पहिली दिसेल तिला धर, साहेबांपुढे एक तरी उभी करायला हवी. हे मला यांनी सांगितलं नाही. मोठा भारा येणार आहे हे मी यांना सांगितलं नाही. घरातलं मी बघत होते, कचेरीतलं हे.

शिट्टीने तिला आमच्याच मागच्या दारापाशी धरलं. तिला वाटलं तो चेष्टा करतोय. "सोड रे, तुझा भारा मागाहून देते," असं ती म्हणाली ते मी ऐकलं.

तपासणीचे साहेब न्हाऊन आले होते. आदल्या दिवशीचं उरलेलं जळण पाणी तापवायला पुरलं होतं. ते यांच्या खुर्चीत बसले, हे बाजूला उभे. मी पडद्याच्या मागे, कडेवर पोर, चुलीवर जेवण. भारा कचेरीच्या मधोमध टाकलेला होता. तिने नेहमीप्रमाणे वेलीने बांधला होता आणि माझ्या चुलीच्या मापाने काटक्या मोडून आणल्या होत्या.

"लाकूड कोणासाठी?"

तिने पडद्याकडे पाहिलं. कापड विरळ आहे, मावशी. मला ती दिसत होती, म्हणजे मीही तिला दिसत असणार. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आता बाई बाहेर येतील, दोन शब्द बोलतील आणि आपण गाईच्या धारा काढायला जाऊ, अशा बेताने ती उभी होती. हे नकाशाकडे बघत होते. चुलीत एक काटकी फाटकन तडकली. साहेबांनी मान वळवली आणि म्हणाले, "वास चांगला सुटलाय."

मी विचार केला, मी पुढे गेले तर यांची नोकरी गेली. पोरीला घेऊन कुठे जायचं? एवढाच विचार केला असं म्हणते, पण विचारसुद्धा नव्हता तो. पाय हलले नाहीत.

साहेबांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "माझ्या चुलीसाठी." एवढंच. तिचा नेहमीचा आवाजही नव्हता तो.

यांनी हुकमावर सही केली. चौथ्या दिवशी घर पाडलं. गाय कोणी तरी नेली. म्हातारीला पाठीवर घेऊन ती माळावर उतरली.

आणि भारा? जप्त माल कचेरीच्या वापराला द्यायचा असा नियम आहे. शिट्टीने तो उचलला आणि पुढच्या दाराने, पडदा सारून, माझ्या चुलीपाशी आणून ठेवला. आता ते लाकूड कायदेशीर झालं होतं. साहेब दोन दिवस राहिले. मी त्याच्यावरच रांधलं.

तू विचारलं होतंस, शिक्षण कशासाठी दिलं.

चिमी


१८ डिसेंबर

चिमे,

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडले, मग तुझ्या नवऱ्यावर, मग त्या शिट्टीवर, आणि कोट चढवून मुख्य कचेरीत गेले. या वेळी बाकावर बसवलं नाही. साहेब दारापर्यंत सामोरे आले. म्हणाले, "सिस्टर, तुमचे आभारच मानायचे होते. तुम्ही सांगितलंत म्हणून त्या भागाला शिस्त लागली. एका घराला हलवलं की बाकीची आपोआप ऐकतात. तुमच्यासारखी जागरूक माणसं हवीत." मला चहा दिला.

मी बशीवर कप आपटला असता. आपटला नाही. ज्या माणसाला आपण काय केलं ते कळतच नाही, त्याच्यावर ओरडून काय करायचं? आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या खोलीतून काही न बोलता बाहेर पडले. जिन्यात कठडा धरून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की तो मोठा भारा आणवायलाही मीच सांगितलं होतं.

पण हे असं सोडायचं नाही. तू अजून बोलू शकतेस. तुझ्या हाताने लिही की लाकूड तुझ्या चुलीसाठी होतं, तू मागवलं होतंस, ती बाई खोटं बोलली ती तुम्हाला वाचवायला. वर पाठव. नोकरी गेली तर माझ्या दोन खोल्या आहेत, पोरीला घेऊन या. दाटीवाटीत कोणी मरत नाही. तुझ्या वनराजांना मी रोज शिव्या देईन, पण जेवू घालीन.

लिही, चिमे. तिचं घर परत उभं राहायला हवं.

मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस,

मी लिहिलं. यांना सांगून लिहिलं. हे म्हणाले, "पाठव. मलाही आता जेवण जात नाही." आम्ही सामान बांधून बसलो होतो.

उत्तर काल आलं. सामान सोडावं लागलं. वनाधिकाऱ्याच्या घरी कोळसा पोचला नसताना त्या घराला जळण पुरवणं हे सरकारी काम धरलं जातं. त्यात गुन्हा नाही, अधिकाऱ्याचा नाही आणि आणून देणाऱ्याचाही नाही. हा नियम पहिल्यापासूनच होता. यांना माहीत नव्हता, तपासणीच्या साहेबांनाही आठवला नाही, कारण लाकूड आमच्यासाठी होतं असं तिथे कोणी बोललंच नाही.

म्हणजे मी त्या दिवशी पडदा सारून नुसतं 'माझ्यासाठी' म्हटलं असतं तर कोणाचंच काही झालं नसतं, मावशी. साहेब जेवायला बसले असते आणि ती धारा काढायला गेली असती.

पुढे लिहिलंय: 'तथापि, सदर स्त्रीने चौकशीत अधिकाऱ्यांसमोर खोटे विधान केल्याचे आपल्या या पत्रावरून सिद्ध होते. हाही जंगलाबाबतचा गुन्हाच असल्याने घर हलवण्याचा हुकूम कायम ठेवण्यात येत आहे.'

माझ्या पत्रावरून.

आज मी माळावर गेले. वस्तीपासून खाली बराच उतार आहे. तिने दगडांवर पत्रा टाकून आडोसा केलाय. भारेवाली बाहेर बसून शेणी थापत होती, दुसऱ्यांच्या गाईच्या. मला बघून उठली आणि म्हणाली, "या बाईसाहेब." पूर्वी नुसतं बाई म्हणायची. बसायला तिने आपलं गोणपाट झटकून दिलं. मी म्हटलं, मी वर लिहून पाठवलं होतं. तिने हात पुसले. "मग काय म्हणाले?"

मी म्हटलं, "काही नाही. हुकूम तोच आहे."

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंत ना." आणि पुन्हा शेण थापायला बसली. तो नियम मी तिला सांगितला नाही. सांगायलाच गेले होते.

म्हातारी तेवढ्यात आडोशातून बाहेर आली. पाण्याला निघाली होती. तिथे पाणी नाही, पण तिची वेळ झाली की ती निघते. हात पुढे धरून चालत होती. तिथे हात लागेल असं काही नाही, मावशी, पार कडेपर्यंत काही नाही. तरी ती थोडं चालायची, हात फिरवायची, परत थोडं चालायची. तशीच माझ्यापर्यंत आली. तिचा हात माझ्या खांद्याला लागला. तिने मला वरपासून दंडापर्यंत चाचपलं, शालीला हात लावून पाहिला.

"हे कुठलं गं?" तिने लेकीला विचारलं. "हे आपल्या वाटेवरचं नाही."

लेकीने वर पाहिलं नाही. मी उभीच राहिले. उभं राहणं मला चांगलं जमतं.

कोळसा आलाय. मागच्या दाराशी ढीग पडला आहे, दार उघडत नाही.

चिमी